बारशापर्यंतचा इस्तू

लुंबिनी सोनकांबळे जे काम करायची, त्याला लातुरात नाव नव्हतं. पुण्याला जाऊन ती शिकून आली तेव्हा तिकडून ‘डूला’ असा एक शब्द घेऊन आली, आणि लोकांनी त्या शब्दाची पार दैना केली. कुणी डोला म्हणे, कुणी डुलाबाई. एका आजोबांनी तर फोनवर स्वच्छ सांगितलं, “दूल्हा नको बाई, आमच्या पोरीचं लगीन कवाच झालंय.” शेवटी तिनं पाटीवरचा तो शब्द पुसला आणि ‘बाळंतिणीची सोबत’ असं लिहून घेतलं.

सोबत म्हणजे सोबतच. आधी ती नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स होती, आणि तिथंच तिच्या लक्षात आलं होतं की बाळंत होणाऱ्या बाईच्या पायाशी दहा जण असतात, उशाशी कुणी नसतं. कळा सुरू झाल्या की लुंबिनी उशाशी उभी राहायची. कंबर दाबून द्यायची, पाणी पाजायची, बाई शिव्या द्यायला लागली तर त्याही ऐकून घ्यायची. मग घरी जाऊन तेल-पाणी, बाळाला पाजायची बैठक, आईची झोप, बाबाचा गोंधळ, आजीचा राग, सगळ्यांकडं बघायची. तिची आजी सरजाबाई धर्माबादकडच्या एका खेड्यात सुईण होती. अडलेल्या बाईसाठी पाटलाच्या घरातून तिला रात्रीबेरात्री आत बोलावणं यायचं, आणि नाळ कापून झाली की त्याच घराच्या पायरीखाली बसून तिला सुपातले दाणे पदरात घ्यावे लागायचे. नात मात्र स्कूटीवरून जायची, घंटी वाजवायची आणि पुढच्या दारानं आत शिरायची.

तरी आत टिकणं सोपं नव्हतं. सुरुवातीला औशातल्या एका घरी सासूबाई सुनेचा पहिला चीक पिळून मोरीत टाकत होत्या. लुंबिनीनं तोंडावर सांगितलं, की हे चूक आहे, बाळाला हेच पाजायचं. आवाजही चढला असेल. त्या घरानं काही भांडण केलं नाही, फक्त तिच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या. पुढं ते बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत पडल्याचं तिला कळलं, आणि तोवर त्या गल्लीत पाय ठेवायची सोय उरली नव्हती. त्या बाळाचा विचार तिच्या मनातून कधी गेला नाही.

तेव्हापासून तिनं एक रीत धरली. मोडायचं नाही, वळवायचं. बाळंतिणीला पाणी देऊ नये म्हणणाऱ्या घरी ती म्हणायची, पाणी नकोच, ओव्याचं पाणी द्या, आणि तांब्याभर पाजायची. काजळ डोळ्यात घालणाऱ्या आजीला म्हणायची, दृष्ट पायाला आधी लागते, तळपायाला लावा. साप मरावा पण काठी तुटू नये. लबाडी म्हणा हवं तर, पण तिच्या या लबाडीनं कितीतरी घरची बाळं धडधाकट राहिली होती. फक्त एवढंच की सारखं वळवत राहिलं की मोडायचं अंगवळणी राहत नाही, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मालविका तिच्याकडं आली ती सातव्या महिन्यात. ज्युनियर कॉलेजात गणित शिकवणारी, कमी बोलणारी मुलगी. नवरा आलोक बँकेत. औसा रस्त्याकडच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतलेला, सरकत्या खिडक्यांचा, रबर लावलेला, धूळ नाही की आवाज नाही. बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दवाखाना इथला म्हणून माहेरच इथं आलं. माहेर म्हणजे मालविकाची आई नीलम्मा. उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेजवळ गाव. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती टेम्पोतून एक सुताची बाज, डिंकाचे डबे आणि एक लोखंडी शेगडी घेऊन उतरली. बाज लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा ती डोक्यावर घेऊन नीलम्मा स्वतःच जिना चढली.

तिनं लुंबिनीला आधी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर पुढं काही विचारलं नाही. चहा आला तो वेगळ्या काठाच्या स्टीलच्या ग्लासात. लुंबिनीनं तो प्यायला. असे ग्लास तिनं पुष्कळ पाहिले होते, आणि ग्लासावरून वाद घातला तर आत राहता येत नाही हेही तिला पाठ होतं.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी लुंबिनी मालविकाच्या उशाशी उभी होती. बाळ फिरेना, शेवटी पाठीत इंजेक्शन देऊन पोट उघडावं लागलं. मुलगी झाली. बाहेर बाकावर नीलम्मा पदर डोळ्याला लावून बसली होती. लुंबिनी बाहेर आली तशी तिनं विचारलं, “रडली का?” “रडली अव्वा, चांगली रडली.” घरात सगळे तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणत, म्हणून लुंबिनीही म्हणायची. नीलम्मानं तिचा हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही.

घरी आल्यावर पहिलं काम नीलम्मानं केलं ते शेगडी पेटवायचं. बाजेखाली शेगडी, तिच्यात गोवऱ्या, वर ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली. “आमच्यात बारशापत्तूर बाळंतिणीचा इस्तू इझू देत न्हाईत,” तिनं सांगितलं. इस्तू म्हणजे तो विस्तव. दिवसभर ती त्याच्यापाशी बसायची आणि रात्रीही तिथंच अंग टाकायची. लुंबिनीला शेगडी फारशी पसंत नव्हती. पण शेकाची ऊब बाळंतिणीला बरी वाटते हेही खरं. तिनं टाक्यांचं निमित्त करून शेगडी बाजेपासून लांब सरकवली, आणि वळवलं यावर समाधान मानलं.

गोवऱ्यांचा धूर जिन्यात गेला. शेजारच्यांनी तक्रार केली, सोसायटीच्या सेक्रेटरीनं आलोकला फोन केला. नीलम्मा ओशाळली. जावयाच्या घरी आपल्यामुळं बोलणं नको म्हणून तिनं कोळसा आणवला. कोळसा बाल्कनीत पेटवून, चांगला लाल झाला की मगच आत आणायचा. धुराचं नाव नाही. त्यात थंडी वाढलेली. बाळाला वारं लागू नये म्हणून तिनं जुन्या इरकली लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि खिडक्यांच्या फटींत दाबून बसवल्या. खोली अशी उबदार झाली की बाहेरून येणाऱ्याला हेवा वाटावा.

गावाकडं हेच सगळं पिढ्यान् पिढ्या चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण गावाकडं माळवदाला साणं असतं. छतात ठेवलेलं ते भोक उजेड आत घेतं आणि आतलं सगळं बाहेर सोडतं. इथं स्लॅब होता, आणि स्लॅबला साणं नसतं.

मालविकाचं डोकं दुखायला लागलं. दवाखान्यात फोन केला तर तिथून सांगितलं, पाठीतल्या इंजेक्शनानं दुखतं कधीकधी, आडवं राहा, पाणी प्या. नीलम्मा म्हणाली, “वारं शिरलंय कानात.” तिनं लेकीच्या कानाला फडकं बांधलं आणि दाराखालचीही फट बुजवली. डोकं जास्त दुखायला लागलं. जेवण उलटून पडलं. जेवढं दुखणं वाढे तेवढी खोली बंद होत जाई, आणि जेवढी खोली बंद होई तेवढं दुखणं वाढे.

बाळ मात्र गुणाचं निघालं. रडत नव्हतं, उठत नव्हतं. “लई शानी हाय बघा,” नीलम्मा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “तरास म्हणून न्हाई. नुसती झोपून राहिली.” लुंबिनीनं बाळाच्या तळपायाला टिचक्या मारल्या. बाळानं डोळे किलकिले केले, दोन घोट ओढले आणि मान टाकली. एवढ्याशा जिवाचं एवढं शहाणपण लुंबिनीला आवडलं नाही. भीती वाटली तिला, आणि कशाची ते कळेना, म्हणून जास्त वाटली. त्या दुपारी ती घरी गेलीच नाही. बाजेजवळ बसून राहिली.

बसल्या बसल्या तिचीही कानशिलं ठणकायला लागली. पोटात ढवळलं. जागरणामुळं असेल म्हणून ती फोन घ्यायला बाल्कनीत गेली. बोलणं संपेपर्यंत ठणका साफ उतरलेला. आत आली, पुन्हा बसली, आणि जरा वेळानं पुन्हा तोच ठणका. तिनं शेगडीकडं बघितलं. निखारे लालबुंद, स्वच्छ. वर धुराची रेघसुद्धा नाही.

मग तिला नांदेडची ती सकाळ आठवली. बांधकामावरचे दोन वॉचमन आणले होते. पत्र्याच्या बंद खोलीत घमेल्यात कोळसा पेटवून झोपलेले. त्यांच्या गालांवर असा तजेला होता की लुंबिनीनं आधी ऑक्सिजनच जोडायला घेतला. डॉक्टर म्हणाले, राहू द्या. धूर नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो.

तिनं बाळ उचललं. “अव्वा, पोरीला जरा ऊन दाखवायचंय,” असं म्हणत, मालविकाला खांद्याचा आधार देत ती दोघींना बाहेरच्या खोलीत घेऊन आली. सगळ्या खिडक्या सरकवल्या. आवाज तिनं नेहमीचाच ठेवला. मग आत येऊन म्हणाली, “अव्वा, ही शेगडी विझवू या आपण.”

“बेड,” नीलम्मा म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी कानडी यायची. “बेड, बेड. नगं. इझवायचं न्हाई.” आणि मग तिनं सांगितलं ते मालविकालाही ठाऊक नव्हतं. मालविकाच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तेव्हा अवकाळी पाऊस आला, साण्यातून पाणी पडलं आणि इस्तू विझला. पाचवीच्या आतच पोरगं गेलं. “सासू म्हणली, तुला इस्तू राखता आला न्हाई, लेकरू काय राखणार. तवापासून मी कुणाचाच इझू दिला न्हाई तंगी.” तंगी म्हणजे धाकटी बहीण. हा शब्द ती लुंबिनीला पहिल्यांदाच म्हणाली.

एवढ्यात आलोक बँकेतून लवकर घरी आला. उघड्या खिडक्या, बाहेर आणून निजवलेली बायको, सासूच्या डोळ्यांत पाणी. “काय झालं मॅडम?” त्यानं विचारलं.

लुंबिनीला शब्द माहीत होता. कोळशाचा विषारी वायू. एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. पण तिनं नीलम्माकडं बघितलं. एका पोराचं मरण या बाईनं जन्मभर आपल्या माथी घेतलेलं, आता जावयासमोर तिला लेकीच्या आणि नातीच्या जिवावर उठलेली ठरवायची? उद्या हे सोलापूरला आलोकच्या आईपर्यंत जाईल आणि हयातभर निघत राहील. शिवाय औशाच्या दारातल्या त्या सरळ केलेल्या चपला. दोघी तर बाहेर आल्याच होत्या. निवांतपणी अव्वाला एकटीला गाठून नीट सांगता येईल.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “खोलीत धूर कोंडतोय. शेगडी बाल्कनीत ठेवू. बाळ-बाळंतिणीपर्यंत धूर जायला नको, बस.”

“धूर?” आलोक म्हणाला. “दिसत तर नाही.”

“थोडाही नको.”

नीलम्मानं पदरानं डोळे पुसले. विझवायचं नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला होता. “धुराचंच हाय ना? मग पोरीपत्तूर धूर जाऊ देत न्हाई. तुझ्या गळ्याची आन.” तिनं शेगडी उचलली आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

लुंबिनीनं आलोकला सांगून बाळाला आणि मालविकाला दवाखान्यात दाखवून आणलं. तिथं तपासलं, सगळं बरं आहे म्हणाले. संध्याकाळपर्यंत मालविकानं भाकरी मागून घेतली. आणि बाळ रडलं. आठवड्याचं तुंबलेलं रडणं एकदम सुटावं तसं रडलं, शेजारच्या दारापर्यंत ऐकू गेलं. आलोक हसायला लागला. नीलम्मा म्हणाली, “आता वाटेवर आलं बघा पोरगं.” तिनं चहा केला, आणि लुंबिनीपुढं आणला तो घरच्या कपात, कान असलेल्या, फुलाफुलांच्या. तो चहा लुंबिनीनं अगदी सावकाश प्यायला.

निघताना तिनं बाल्कनीत डोकावलं. शेगडी कोपऱ्यात होती, नीलम्मा घोंगडी पांघरून शेजारी. “अव्वा, उद्या मला तुमच्याशी जरा बोलायचंय,” लुंबिनी म्हणाली. “बोल की, मी कुठं चालले?” नीलम्मा म्हणाली. तोंडभरून हसली, आणि हसता हसता कपाळ दाबलं. लुंबिनीनं ते पाहिलं. रोज ती मालविकाचं डोकं विचारायची, बाळाचं दूध विचारायची. शेगडीच्या सगळ्यात जवळ, सगळ्यात जास्त वेळ कोण बसतंय, त्याचं डोकं कसं आहे, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारावं असं वाटलं, पण खाली आलोक गाडी वळवून द्यायला थांबला होता. रस्त्यावर बोचरा वारा सुटला होता. तिनं स्कार्फ घट्ट केला. अव्वाला बाहेर गार लागेल, एवढं तिच्या मनात आलं आणि सिग्नल पडला.

सकाळी ती तेलाची बाटली घेऊन आली. दार मालविकानंच उघडलं, बाळ खांद्यावर. चेहरा टवटवीत, कानाचं फडकं सुटलेलं. “रात्रभर रडवलं हिनं,” ती कौतुकानं म्हणाली. “आणि अव्वा बघा ना लुंबिनीताई, अजून उठली नाही. पाणीसुद्धा तापवलं नाही.”

“कुठं झोपल्या?”

“स्वयंपाकघरात. बाहेर वाऱ्यानं इस्तू विझायला लागला म्हणाली. मी म्हटलं विझू दे, तर ऐकेना. आत घेऊन बसते म्हणाली, दार लावून.” मालविका हसली. “तंगीनं सांगितलंय, तुझ्यापत्तूर धूर जाऊ द्यायचा न्हाई, असं म्हणाली. तुमचा शब्द तिला फार.”

लुंबिनीच्या हातातली बाटली खाली पडली. तिनं स्वयंपाकघराचं दार ढकललं. कडी नव्हती, तरी उघडेना. आलोक धावत आला, दोघांनी खांदा लावला, तेव्हा दार अडत अडत सरकलं. खालच्या फटीत आतून इरकली लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या, एकावर एक, बोटांनी नीट दाबून. एग्झॉस्ट पंख्याच्या भोकातही तेच लुगडं होतं. काम अगदी चोख केलेलं. एवढीशीही हवा लेकीच्या खोलीकडं जाणार नाही असं.

लुंबिनीनं तोंडाला पदर लावून आधी खिडकी उघडली. नीलम्मा ओट्याखाली कुशीवर निजली होती, शेगडीकडं तोंड करून, हात उशाला. गालांवर छान तजेला होता. लुंबिनीनं मनगट धरलं. ते तिनं पुष्कळ वेळ सोडलं नाही, आलोकचा फोन होईपर्यंत, खाली गाडीचा भोंगा वाजेपर्यंत सोडलं नाही, पण ते गार होतं आणि गारच राहिलं.

मालविका दारात आली. तिनं आईकडं बघितलं. मग शेगडीकडं बघितलं. राखेखाली अजून लाल होतं. रात्रभर राखलेला इस्तू. लुंबिनीनं माठाजवळचा तांब्या उचलला, तसं मालविकाला काय होतंय ते कळलं आणि ती ओरडली, “विझवू नका ताई. बारसं व्हायचंय अजून. तिनं राखलाय तो.”

लुंबिनीला एखादं वळवायचं वाक्य सुचलं असतं. इतकी वर्षं सुचतच आलं होतं. पण या वेळी तिनं अख्खा तांब्या शेगडीत ओतला.

फस्स करून निखारे फुटले, राख उडाली, आणि ढगासारखा धूर उठला. ओट्यावरून, खिडकीतून, दारातून बाहेरच्या खोलीत शिरला. कोळसा आणल्यापासून त्या घरात एवढा धूर कधी झालाच नव्हता. बाळ खोकलं आणि मोठमोठ्यानं रडायला लागलं.

“ताई,” मालविका म्हणाली, “बाळाला धूर लागतोय.”